सोनं सापडलं का?

इनामगावावर बोलून झालं की चहाच्या वेळी कुणीतरी हमखास जवळ येतं. "छान सांगितलंत, पण तिथं सोनंबिनं काही सापडलं का?" पूर्वी मी हसून वेळ मारून न्यायचो. परवा पुन्हा कुणी विचारलं, आणि पुढे हेही, की मग तिथं उत्खनन करणाऱ्या त्या ढवळीकरांचं एवढं कौतुक कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. आपल्याकडे शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून झालेलं पांढरीचं टेकाड नदीकाठच्या कित्येक गावांना असतं, आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. इनामगावच्या अशाच टेकाडांवर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. एवढ्या वेळात माणसं दोन-तीन राजधान्या खणून मोकळी होतात, आणि हे एका खेड्यात बसले होते.

खेडं मात्र साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकरी राहत होते. पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी नेवासं, जोर्वे, नावडातोली इथं या लोकांचा माग आधीच काढला होता. पण खोल, अरुंद चर घेतला की कुठल्या थरावर कुठला थर एवढं कळतं. शेजारी कोण राहत होतं ते कळत नाही. इनामगावला सांकलिया होते, झैनुद्दीन अन्सारी होते आणि मधुकर केशव ढवळीकर होते. त्यांनी जमीन आडवी उघडली. शंभरावर घरं उजेडात आली. धान्य साठवायची बळदं आणि पेवं, चुली, धान्याच्या कणगी ठेवायचे मातीचे गोल ओटे, आणि मध्ये जायला-यायची वाट. ओटा कशाचा, हे ओळखायला पुस्तक लागलं नाही, तेव्हाच्या कुठल्याही शेतकऱ्याच्या घरात तसा ओटा होता.

ढवळीकर मूळचे पाटसचे, १९३० सालचा जन्म. अजिंठ्याच्या चित्रांचा त्यांनी अभ्यास केला होता, आणि मला वाटतं ती नजर इथं कामी आली. चित्रात कोण उंच आसनावर बसलंय, कोण पायाशी, हे बघायची सवय लागलेला माणूस घरांच्या जोत्यांकडेही तसाच बघतो. म्हणून भांड्यांच्या यादीवर ते थांबले नाहीत. या गावात कुणाचं ऐकलं जायचं, धान्य कुणाच्या ताब्यात होतं, पाटाचं पाणी कोण सोडायचं, हे त्यांचे प्रश्न. पाट खरोखरच सापडला, बांधासकट. एवढं खोदायला चार घरांचं बळ पुरत नाही; कुणीतरी माणसं जमवली असणार. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं मोठं घर, त्याला धान्याची कोठी, आणि अंगणात चार पायांचा मातीचा रांजण. रांजणात एक पुरुष मांडी घालून बसवलेला.

बाकीच्यांना तसं पुरत नसत. मूल गेलं तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत, आणि घरातच जमिनीखाली पुरत. मोठं माणूस गेलं तर खड्ड्यात आडवं निजवत आणि घोट्याखाली पाय तोडत, बहुधा भूत होऊन कुठं जाऊ नये म्हणून. या सगळ्यांत रांजणातला माणूस वेगळा. ढवळीकर म्हणाले, हा गावाचा प्रमुख.

ही उडी मोठी आहे, हे मी कबूल करतो. मोठं घर म्हणजे प्रमुखाचंच कशावरून, असं विचारणारे होते आणि आहेत. इ.स.पू. १००० च्या सुमारास चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, त्याचं कारण त्यांनी अवर्षणाला दिलं: शेती आटली, माणसं गुरांमागे फिरायला लागली. तेही मला जरा घाईचं वाटतं. पण खोडून काढता येईल असं विधान करायला हिंमत लागते, आणि पुरावा समोर मांडून ठेवावा लागतो. तो त्यांनी मांडला. जळक्या दाण्यांवर काजळे, जनावरांच्या हाडांवर थॉमस, सांगाड्यांवर वाळिंबे, अशी माणसं वर्षानुवर्षं बसली. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी या तिघांच्या नावानं १९८८ साली अहवाल आला. आज ढवळीकरांशी भांडायचं तर त्यांच्याच अहवालातली पानं उघडावी लागतात. संचालकपद, पद्मश्री वगैरे झालं, पण माझ्या लेखी त्यांची कमाई ही.

जोर्वे पद्धतीचं, म्हणजे याच शेतकऱ्यांच्या भांड्यांचं, खापर मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा शिकवणाऱ्यांनी टिचकी मारून बघायला सांगितलं होतं. खणकन वाजलं. तांबडा रंग, वर काळ्या रेघा, भाजणी अशी की कडा अजून टोकदार. शेवटच्या काळातलं खापर त्यामानानं भरड.

आणि सोन्याचं म्हणाल, तर मी चहाच्या वेळी आता हे सांगतो. एका घराच्या जमिनीखाली मातीची एक डबी निघाली, झाकणासकट. तिच्यासोबत बाईची मूर्ती, शीर नसलेली. बरोबर एक बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की ती बैलावर उभी राहते. सगळं कच्च्या मातीचं, भाजलेलंसुद्धा नाही. बोटानं जोरात दाबलं असतं तर तुटलं असतं.