चारांत एक, पण कोणत्या चारांत?

“मॅडम, पहिला मुलगा एसएस निघाला, म्हणजे आता पुढची तीन मुले चांगली होतील ना?” नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे डीएनए नमुने तपासते, आणि अहवाल न्यायला आलेल्या आईवडिलांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. त्यात त्यांचा दोष नाही. ‘चारांत एक मूल आजारी’ असे सांगून मोकळे होणारे आम्हीच असतो.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. त्यातील सहाव्या संकेतात जीएजी या तीन डीएनए-अक्षरांच्या जागी जीटीजी आले, म्हणजे एकच अक्षर बदलले, की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते आणि प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर तो एसएस, म्हणजे रुग्ण; एकच बिघडलेली असेल तर तो एएस, म्हणजे वाहक. वाहकाची दुसरी प्रत काम निभावून नेते, म्हणूनच “आम्ही दोघे तर धडधाकट आहोत” हे आईवडिलांचे म्हणणे खरे असते, आणि सारा दोष सुनेच्या माहेरावर ढकलणाऱ्या सासूचे म्हणणे मात्र खरे नसते.

गावपातळीवरच्या सोल्युबिलिटी चाचणीत नळीतले द्रावण गढूळ होऊन मागच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात, परंतु ते एएस आणि एसएस दोघांच्याही बाबतीत होत असल्याने पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. डीएनएच्या पातळीवर हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. पीसीआरने जनुकाचा नेमका तुकडा वाढवून घेतला की त्यात एमएसटी-टू हे विकर घालतात. निरोगी जनुकात या ठिकाणी सीसीटीजीएजीजी ही अक्षरे असतात आणि विकर तेथेच कापते; अक्षर बदललेले असेल तर त्याला ती जागा ओळखता येत नाही व तुकडा अखंड राहतो. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर अतिनील प्रकाशात दोन्ही प्रती निरोगी असलेल्या माणसाचे दोन आखूड पट्टे खाली दिसतात, रुग्णाचा एकच लांब पट्टा वर अडकलेला असतो, आणि वाहकाचे तिन्ही पट्टे एकाच रांगेत नारिंगी चमकतात. वीस वर्षे पाहूनही त्या तीन पट्ट्यांपाशी माझी नजर थांबतेच.

आता प्रश्नाकडे वळते. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक जण आपल्या दोन चिठ्ठ्यांपैकी एक उचलून बाळाला देतो, आणि पुढच्या गर्भाच्या वेळी दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात असतात. पहिल्या वेळी काय निघाले होते याची डब्याला आठवण नसते. त्यामुळे प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता नव्याने 25 टक्के असते. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने 1866 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाटाण्याचे 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले दाणे नोंदवले आहेत, म्हणजे जवळजवळ तीनास एक. हे पाठ्यपुस्तकांत येते. मात्र त्याच निबंधात त्याने हेही लिहिले आहे, की एका झाडावर 43 गोल आणि केवळ 2 सुरकुतलेले दाणे आले, तर दुसऱ्यावर 14 गोल आणि 15 सुरकुतलेले. हे पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही, आणि माझ्या मते शिकवायचे ते हेच. तीनास एक हे प्रमाण हजारो दाण्यांचे आहे. एका घरातल्या चार मुलांचे नव्हे. चार मुले असलेल्या अशा घरांपैकी सुमारे 32 टक्के घरांत एकही मूल आजारी नसेल आणि सुमारे 26 टक्के घरांत दोन किंवा अधिक असतील.

म्हणून उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागते, पण त्यासोबत गर्भाच्या वारेचा नमुना साधारण अकराव्या आठवड्यात घेऊन हीच तपासणी करता येते, हेही सांगते. तो नमुना आला की त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या नाहीत याची आधी खात्री करून घ्यावी लागते, कारण वाहक आईचा डीएनए मिसळला तर रुग्ण गर्भही तीन पट्टे दाखवील.

दोघेही वाहक असलेल्या एका जोडप्याने परवा थोरल्या, अगदी निरोगी मुलीबद्दल विचारले. अशी मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी नसून दोन तृतीयांश असते, कारण आजारी असण्याचा पर्याय तिच्या बाबतीत आधीच बाद झालेला असतो. तिचे तीन पट्टे आले. औषध काहीच नको, एवढेच की हा कागद दहावीच्या गुणपत्रिकेसोबत जपून ठेवा आणि स्थळ पाहताना मुलाचाही असाच कागद मागा, असे मी त्यांना सांगितले.