एनडीआयएसचा प्लॅन स्वतः सांभाळताना: पैसे आले म्हणजे खर्च मंजूर झाला असं नाही

ऑस्ट्रेलियात एनडीआयएस, म्हणजे अपंग व्यक्तींना मदतीसाठी पैसे देणारी सरकारी योजना, तिच्या प्लॅनचा पैसा तीन तऱ्हांनी सांभाळता येतो. योजना चालवणाऱ्या सरकारी एजन्सीकडे ठेवायचा, प्लॅन मॅनेजरकडे सोपवायचा, नाहीतर सगळा व्यवहार आपणच बघायचा. तिसऱ्या वाटेची ओढ का वाटते ते उघड आहे: आजीशी मराठीत बोलणारा सपोर्ट वर्कर आपला आपण शोधता येतो, वेळा आणि दर थेट त्याच्याशीच ठरवता येतात. पण इथला खरा धोका फसवणुकीपेक्षाही सोपेपणात आहे. ॲपवर क्लेम टाकला की बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत पैसे खात्यात जमा होतात आणि कोणी काही विचारत नाही. विचारणा होते ती मागाहून. म्हणून कागद पाच वर्षं जपायचे असतात, आणि खर्च नियमात बसत नाही असं ठरलं तर ती रक्कम कर्ज म्हणून वसूल होऊ शकते. ३ ऑक्टोबर २०२४ पासून कशावर खर्च चालतो आणि कशावर नाही याच्या याद्याच नियमात आल्या आहेत. घरभाडं आणि किराणा ‘नाही’च्या यादीत आहेत. ‘मागच्या वर्षी चाललं होतं’ हे उत्तर आता पुरत नाही.

गडबड सुरू होते ती इन्व्हॉइसपासून. व्हॉट्सॲपवर ‘मंगळ-गुरु मिळून ६ तास, ३६० डॉलर’ असा निरोप आला की आपण पैसे पाठवून मोकळे होतो. दोन वर्षांनी कोणी विचारलं तर यातून काहीच सिद्ध होत नाही. ओळ अशी हवी: ‘१२ ऑगस्ट २०२५, दुपारी ३ ते ६, ३ तास, जलतरण केंद्रात नेणे-आणणे व कपडे बदलायला मदत, दर ६० डॉलर, एकूण १८०.’ गुरुवारची ओळ वेगळी. वर काम करणाऱ्याचं नाव, त्याचा एबीएन (सरकारी व्यवसाय क्रमांक), इन्व्हॉइस क्रमांक आणि ज्याच्यासाठी काम झालं त्याचं नाव. वर्णनाच्या जागी नुसतं ‘सपोर्ट’ लिहिलेला इन्व्हॉइस सरळ परत पाठवावा. लाजायचं काही कारण नाही. एबीएन सरकारी नोंदवहीत फुकट तपासता येतो. जीएसटी लावलेला असेल तर काम करणारा जीएसटीसाठी नोंदलेला आहे का तेही तिथेच दिसतं. एनडीआयएसच्या बऱ्याच सेवांवर मुळात जीएसटी लागत नाही, तेव्हा तो आकडा दिसला की आधी विचारा.

या पैशासाठी वेगळं बँक खातं काढा, रोख देऊ नका, आणि ट्रान्सफर करताना संदर्भात इन्व्हॉइस क्रमांक टाका. क्लेमही साठवून ठेवू नका; सेवा मिळाल्यापासून दोन वर्षांत तो टाकावा लागतो.

मे २०२५ पासून नव्या प्लॅनमध्ये पैसे टप्प्याटप्प्याने मोकळे होतात, सहसा तीन महिन्यांचे. समजा तिमाहीला ९,१०० डॉलर आहेत, म्हणजे १३ आठवडे, आठवड्याला ७००. ताशी ७० दराने १० तास बसतात. त्यातले दोन तास रविवारी गेले आणि रविवारचा दर १२६ असला तर आठवड्याचा खर्च ८१२ होतो, आणि बाराव्या आठवड्यात पैसे संपतात. स्वतः सांभाळणाऱ्याला एनडीआयएसची भावमर्यादा लागू नसते, हे सगळे आनंदाने सांगतात. तिचं संरक्षणही नसतं, हे कोणी सांगत नाही.

सगळ्यात किचकट भाग माणसं ठेवण्याचा. एबीएन आहे म्हणजे तो कंत्राटदार, ही समजूत चुकीची आहे. वेळा तुम्ही ठरवता, काम कसं करायचं ते तुम्ही सांगता, आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवायची त्याला मुभा नाही, अशी स्थिती असेल तर कायद्याच्या नजरेत तो तुमचा कर्मचारी ठरू शकतो. मग अवॉर्डप्रमाणे (त्या कामासाठी कायद्याने ठरलेल्या किमान दराने) पगार, करकपात, कामावरच्या दुखापतीचा विमा, हे सगळं तुमच्या अंगावर येतं. विम्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. सुपरचा (मालकाने भरायच्या निवृत्ती निधीचा) दर १ जुलै २०२५ पासून १२ टक्के आहे, पण घरगुती स्वरूपाच्या कामाला आठवड्याला ३० तासांची वेगळी अट आहे. ती आपल्याला लागू होते का ते एटीओकडून (करखात्याकडून) लेखी घ्या. हा सगळा खर्च तासाच्या दरात आधीच धरावा लागतो. एवढा व्याप झेपणार नसेल तर माणूस एखाद्या संस्थेमार्फत घेणंच बरं, दर थोडा जास्त पडला तरी.

ओळखीतली विद्यार्थिनी ठेवत असाल तर तिचा व्हिसा बघा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा असते, आणि त्यात तिची कॅफेतली नोकरीही मोजली जाते. एनडीआयएसकडे नोंदणी नसलेल्या माणसाला वर्कर स्क्रीनिंगची (पूर्वइतिहासाच्या सरकारी तपासणीची) सक्ती बहुधा नसते. तरी मागावं. मंजुरी पाच वर्षं चालते. आपल्याच समाजातला आहे, घरचाच आहे म्हणून विचारायला संकोच वाटतो, आणि नेमकी तिथेच ढिलाई होते.

सेवा-करारात भेट रद्द करण्याची अट वाचल्याशिवाय सही करू नका. सपोर्ट वर्करच्या बाबतीत सात दिवस आधी कळवलं नाही तर पूर्ण पैसे, अशी अट सर्रास घातलेली असते. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलासाठी ती फार महाग पडते. २४ किंवा ४८ तासांवर आणायची बोलणी करा; स्वतः सांभाळणाऱ्याच्या हातात तेवढं असतं. वर्तन-सहाय्याच्या योजनेसारख्या काही सेवा मात्र नोंदणीकृत संस्थेकडूनच घ्याव्या लागतात.

आणखी एक, सुट्टीत गावी जाणाऱ्यांसाठी. देशाबाहेर सहा आठवड्यांपर्यंत राहिल्याने प्लॅनला धक्का लागत नाही. दोन-अडीच महिने पुण्यात राहायचा बेत असेल तर निघण्याआधी एजन्सीला कळवा, नाहीतर प्लॅन थांबवला जाऊ शकतो. विमानाचं तिकीट या पैशातून निघत नाही.

काही बिनसल्यास एनडीआयएसच्या सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनकडे १८०० ०३५ ५४४ वर तक्रार करता येते, नोंदणी नसलेल्या माणसाविरुद्धही, कारण आचारसंहिता त्यालाही लागू आहे. खोटे इन्व्हॉइस किंवा ‘तू क्लेम कर, अर्धे मला दे’ असली मागणी असेल तर फसवणूक हेल्पलाइन १८०० ६५० ७१७. इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर १३१ ४५० वरून दुभाष्यामार्फत फोन लावता येतो. फोनआधी तारखा आणि इन्व्हॉइस क्रमांक समोर काढून ठेवा.