नागपूर ते टोरांटो: किलोमीटर तेवढेच, तास दुप्पट

"इमानात बसलं की झोपाचं आन् उतराचं, त्याले दीड दिवस काऊन लागते बाप्पा?" आमच्या मामांचा हा प्रश्न दर फोनला ठरलेला. एकदा नीट लिहूनच टाकते.

नागपूरचा सोनेगाव विमानतळ ते टोरांटोचा पिअरसन विमानतळ, हवाई अंतर साधारण 12,500 किलोमीटर. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन्हीकडे बोट ठेवून दोरा ताणून बघा. दोरा युरोपकडे वळतच नाही, वरच चढत जातो: पंजाब, काश्मीर, मध्य आशिया, उरल पर्वत, मग ग्रीनलंडचा बर्फ आणि क्यूबेकवरून खाली. ताशी 850-900 किलोमीटरने हे 14-15 तासांचं काम. विमानांना ते जड नाही, सिंगापूर-न्यूयॉर्क 15,000 किलोमीटरच्या वर आहे आणि एका दमात होतं. पण नागपुरातून टोरांटोला जाणारे असून असून किती असणार? म्हणून थेट विमान नाही, मध्ये कुठेतरी बदलावंच लागतं.

गंमत अशी की दिल्लीमार्गे गेलं तरी अंतर जवळपास वाढत नाही, कारण दिल्ली त्या दोऱ्याच्या शेजारीच आहे. दोहामार्गे हजार-बाराशे किलोमीटर जास्त, बस. वेळ खातं ते जमिनीवरचं सगळं. तीन तास आधी पोचा, रांगा लावा, मधल्या विमानतळावर पाच-सहा तास काढा. दिल्लीत टर्मिनल एकवर उतरलात आणि पुढचं विमान तीनवरून असेल, तर बॅगा घेऊन आधी रस्त्याने तिकडे जा.

शिवाय तो दोरा प्रत्यक्षात कुणाला मिळतो? 2022 पासून रशियाचं आकाश कॅनडाच्या विमानांना बंद, एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं भारतीय विमानांना. वळसा आलाच. इकडे टोरांटोला येताना वारा समोरून असतो. परतताना तोच पाठीशी, म्हणून तास-दीड तास वाचतो.

मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल झाली की पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. तेव्हा सगळा देश आपल्याकडे विमान बदलायचा!

आईबाबांना एकट्याने यायचं असेल, तर मी दोहाकडूनच तिकीट काढते. दिल्लीचं कधीकधी स्वस्त पडतं, तरीही. परतताना दिल्लीत सहसा पट्ट्यावरून बॅगा उचला, कस्टममधून काढा आणि नागपूरसाठी पुन्हा जमा करा, असं असतं. दोहाकडून आलं की बॅगा थेट सोनेगावला. तिकीट मात्र एकाच पीएनआरवर हवं. नागपूरच्या काउंटरवर बॅगेला जी लांब पट्टी चिकटवतात, तिच्यावर वायवायझेड, म्हणजे टोरांटोचा कोड, छापलाय का ते तिथेच बघायचं. नसेल तर काउंटर सोडायचा नाही, मागे कितीही लोक कुरकुरले तरी.

आणि मामा, उन्हाळ्यात तुमचं घड्याळ आमच्यापुढे साडेनऊ तास असतं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. त्यानंतर फोन तासभर उशिरा आला तर विमान चुकलं समजून मामीला घाबरवू नका.