सज्जाची भेग आणि पुडीची पिशवी : माझा अनुभव

आमच्या अमळनेर तालुक्यात पावसाळ्याआधी धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, खारी माती टाकायची रीत. धाबं पाडून स्लॅब झाला तरी वडिलांचा हात थांबला नाही. सज्जावर भिंतीलगत भेग पडली, की तिच्यावर खारी. वीसेक वर्षं हेच. गेल्या उन्हाळ्यात वरचे पोपडे निघाले आणि खाली आसारी, म्हणजे काँक्रीटातल्या लोखंडी सळया, लालभडक.

मिस्त्री म्हणाला, "प्लास्टर मारून देतो, भाऊ." इंजिनियरने अडवलं. सज्जाची मुख्य आसारी वरच्या अंगाला असते, ती गेली तर सज्जा खाली. मीठ कुठवर उतरलंय ते आधी तपासा, म्हणाले.

इथून माझी साडेसाती. ड्रिलने निघालेली काँक्रीटची सगळी पूड एकाच पिशवीत भरून प्रयोगशाळेत दिली. फॉर्मवर 'नमुन्याचे वर्णन' एवढाच बोटभर रकाना. मी लिहिलं 'सज्जा'. त्यांनी पैसे घेतले, पावती दिली. अकरा दिवसांनी फोन : पूड किती खोलवरची ते लिहिलेलं नाही, नमुना बाद. पुन्हा ड्रिल. पुन्हा एसटी. आता विचारतात, भेगेवरचं की बाजूचं? शिवाय इंजिनियरचं पत्र कुठंय? अहो, पहिल्याच दिवशी विचारायला तोंड नव्हतं? तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, ते चार वाजता उगवले. पैसे दोनदा गेले ते गेलेच.

तुम्ही असं करा : 0–10, 10–20, 20–30 मिमी खोलीच्या पुडीला वेगळ्या पिशव्या, प्रत्येक थरानंतर भोक साफ. एक भोक भेगेवर, एक तिच्यापासून हातभर लांब.

लांबच्या भोकात मीठ वरच्या थरातच होतं, भेगेवर पार 30 मिमीपर्यंत. काँक्रीटचा सामू (pH) 12-13 असतो, त्यामुळे लोखंडावर पातळ कवच धरतं. मिठातलं क्लोराइड ते फोडतं. गंज लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो, मग नव्या भेगा. वडिलांना हे सांगितलं तर म्हणे, "धाबं कधी गळनं नही!"

हो, ड्रिल कोरडंच चालवा, पाण्याने मीठ धुतलं जातं. भेग मी आगकाडीने मोजत होतो. तिला रेघांची पारदर्शक पट्टी मिळते. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साधारण 0.3 मिमी रुंद भेग चालते, सतत ओल असेल तर 0.2.

आणि नुसतं ठिगळ लावू नका. शेजारच्या काँक्रीटात मीठ राहिलं, तर ठिगळाच्या काठावर गंज पुन्हा धरतो. आम्ही सज्जा पाडला.