बाबांच्या चार्टवरची आमची लोकल

परवा संध्याकाळी आमची लोणावळा लोकल मधल्याच एका स्टेशनात बाजूच्या लाइनीवर, म्हणजे लूपवर, जाऊन उभी राहिली. दहा मिनिटं झाली तरी घोषणा नाही. दारातल्या बायका वाकून वाकून सिग्नल बघत होत्या. मी तळेगावला बाबांना फोन लावला. कुठलं स्टेशन, किती वाजता थांबली, एवढंच त्यांनी विचारलं आणि म्हणाले, "लूपला घेतलंय तुम्हाला. मागून मेल असणार. ती गेली की सिग्नल मिळेल." थोड्याच वेळात शेजारच्या रुळावरून एक्सप्रेस धडधडत गेली.

बाबा सेक्शन कंट्रोलर होते, म्हणजे रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये बसून कुठली गाडी थांबवायची, कुठली पुढे काढायची ते ठरवायचे. त्यांच्या चार्टवर आडवी वेळ, उभी स्टेशनं आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी, तितकी गाडी जोरात. एकाच दिशेच्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे एक गाडी थांबवून दुसरी पुढे काढायची. स्टेशन मास्तर फोनवर वेळ सांगणार, मग पेन्सिल पुढे सरकणार. त्यांच्या मधल्या बोटाला पेन्सिलचा घट्टा पडला होता. लहानपणी तो मी दाबून बघायची.

आता ती रेघ कॉम्प्युटर काढतो. रुळांतून बारीकसा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली की तो चाकांतूनच वळतो, रिले, म्हणजे त्या प्रवाहावर चालणारा स्विच, पडतो आणि तेवढा तुकडा पडद्यावर लाल होतो. काही ठिकाणी ॲक्सल काउंटर चाकं मोजतो. जितकी आत गेली तितकीच बाहेर आली, की वाट मोकळी. मुंबईत चर्चगेट ते विरार ट्रेन मॅनेजमेंट सिस्टिम आहे. तिथे सगळ्या गाड्या कंट्रोलमधल्या मोठ्या पडद्यावर एकत्र दिसतात, आणि फलाटावरचे इंडिकेटरही त्याच माहितीवर चालतात.

पुणे ते लोणावळा 64 किलोमीटर, चर्चगेट-विरारही जवळपास तेवढंच. पण तिकडे निदान चार लाइनी आहेत, आपल्याकडे दोन. 1978 पासून धावणारी आपली लोकल, मुंबईच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या, सगळ्या त्याच दोन लाइनींवर. तिसरी-चौथी लाइन झाल्याशिवाय कुणाला तरी लूपला जावंच लागणार, कंट्रोलमध्ये कितीही हुशार यंत्र बसवलं तरी. त्याचा मला राग नाही. पण कंट्रोलमध्ये ठरलेली गोष्ट त्याच मिनिटाला डब्यात कळायला हवी. माझ्या समोरच्या बाईचं तान्हं बाळ भुकेनं रडत होतं. बाबांनी सांगितलेलं मी तिला सांगितलं, तेव्हा तिनं सुटकेचा श्वास सोडला, घरी फोन करून सासूला दूध गरम करून ठेवायला सांगितलं.

घरी पोचले तर बाबांनी पेपरच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीनं दोन रेघा ओढून ठेवल्या होत्या. आमच्या लोकलची रेघ स्टेशनाजवळ आडवी झालेली, आणि तिला छेदून वर गेलेली मेल. "किती मिनिटं थांबलात, नक्की सांग," म्हणाले, आणि खोडरबर घेऊन बसले.