कार्यालयात समाजमाध्यमांना मुभा द्यावी का : एका धोरणाचा मसुदा लिहिताना आलेला अनुभव

आमच्या कंपनीच्या सेवानियमांत समाजमाध्यमांविषयी एकच वाक्य होते : कार्यालयीन वेळेत फेसबुक, ट्विटर आणि तत्सम संकेतस्थळे वापरण्यास मनाई आहे. त्यानुसार आयटी विभागाने फायरवॉलवर, म्हणजे कंपनीच्या जाळ्यातील इंटरनेटची ये-जा नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेवर, ती संकेतस्थळे बंद करून ठेवली होती. पुढे भरतीचे काम लिंक्डइनशिवाय होईना म्हणून त्या विभागाला सवलत मिळाली, ग्राहक आपल्या तक्रारी थेट ट्विटरवर मांडू लागल्यामुळे ग्राहकसेवेला मिळाली, विपणन विभागाला तर ती सुरुवातीपासूनच होती. ज्यांना सवलत नव्हती त्यांच्या खिशात स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा होता. बंदी कागदावर पूर्ण होती, प्रत्यक्षात मात्र ती फक्त कंपनीच्या वायफायपुरती उरली होती.

हा विषय माझ्याकडे आला तो वेगळ्याच निमित्ताने. एका विभागप्रमुखांनी आयटी विभागाकडे आपल्या हाताखालच्या प्रत्येक व्यक्तीचा इंटरनेट-वापराचा तपशील मागितला, आणि आयटीच्या सहकाऱ्याने तो कोणत्या नियमाखाली द्यायचा, असे लेखी विचारले. असा नियम नव्हता. वापरावर बंदी होती, परंतु कोणाच्या वापरावर कोणी, किती आणि कशासाठी लक्ष ठेवायचे याबद्दल कंपनीने कधी काही ठरवलेच नव्हते. मनुष्यबळ विभागात धोरणे लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्याने व्यवस्थापनाने नव्या धोरणाचा मसुदा मला करायला सांगितला. त्या सहकाऱ्याने तो एक प्रश्न लेखी विचारला नसता, तर तपशील गुपचूप दिला गेला असता आणि पुढचे काहीच घडले नसते, असे मला आजही वाटते.

मसुद्याआधी मी विभागवार बैठका घेतल्या. पहिल्या काही बैठकांत दोन्ही बाजूंनी संशोधनाचे दाखले आले. बंदीच्या बाजूचे लोक कॅलिफोर्निया विद्यापीठातील ग्लोरिया मार्क यांच्या अभ्यासाचा आधार घेत होते : कामात व्यत्यय आला की मूळ कामाकडे परतायला वीस मिनिटांहून अधिक वेळ जातो. मुभेच्या बाजूचे लोक मेलबर्न विद्यापीठातील ब्रेंट कोकर यांचा २००९ सालचा निष्कर्ष सांगत होते : कामाच्या वेळेत थोडे मनोरंजनासाठी इंटरनेट पाहणारे लोक न पाहणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ टक्के अधिक उत्पादक असतात. हे दोन्ही दाखले अर्धवट सांगितले जात होते. मार्क यांच्याच कामातून असेही दिसते की व्यत्ययांपैकी मोठा वाटा माणूस स्वतःच ओढवून घेतो आणि उरलेल्यांत सहकाऱ्यांचे प्रश्न, दूरध्वनी, ईमेल हे सारे येते. समाजमाध्यमे बंद केली म्हणून ते थांबत नाहीत. कोकर यांच्या निष्कर्षालाही एक अट जोडलेली होती, ती म्हणजे हा वापर कार्यालयीन वेळेच्या २० टक्क्यांच्या आत असावा. ही अट वगळून तो आकडा सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले, आणि मी बैठकीत तसे स्पष्ट म्हटले.

खरी माहिती संशोधनापेक्षा लोकांच्या बोलण्यातून मिळाली. लेखा विभागाच्या प्रमुखांना सरसकट बंदी हवी होती, आणि त्यांचे कारण ऐकण्यासारखे होते : महिनाअखेरीला आकड्यांत झालेली एक चूक शोधायला अख्खा दिवस जातो, आणि ती चूक बहुधा लक्ष विचलित झाल्याच्या क्षणी घडलेली असते. यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या पर्यवेक्षकांनी सांगितले की चालू यंत्राजवळ फोन नकोच, मग त्यावर समाजमाध्यम असो वा घरचा निरोप. त्यांच्या कामगारांनीही त्याला हरकत घेतली नाही. ग्राहकांची कार्डे आणि खाती हाताळणाऱ्या कक्षात फोन लॉकरमध्ये ठेवावे लागत, कारण पडद्यावरचा एक फोटोही ग्राहकाचे नुकसान करू शकतो. तिथल्या एका सहकारी बाईंची तक्रार फोन काढून घेतल्याबद्दल नव्हती. त्यांची आई आजारी होती आणि घरातून निरोप पोहोचण्याची कोणतीच वाट कंपनीने ठेवली नव्हती, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या कक्षासाठी एक निश्चित दूरध्वनी क्रमांक आणि निरोप लगेच पोहोचवण्याची जबाबदारी असलेली व्यक्ती ठरवणे ही या साऱ्या प्रक्रियेतील सर्वात स्वस्त आणि सर्वात आधी झालेली सुधारणा होती.

या बैठकांतून माझे मत पक्के होत गेले. सुरक्षिततेसाठी घातलेली बंदी आणि ग्राहकाच्या माहितीसाठी घातलेली बंदी लोक मान्य करतात, कारण तिचे कारण त्यांना डोळ्यांसमोर दिसते. वेळेसाठी घातलेली बंदी मात्र बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच उणिवेवर पांघरूण घालते : विभागप्रमुखाला कोणाचे काम किती आणि कसे झाले हे नेमके सांगता येत नाही, म्हणून तो माणसाच्या पडद्याकडे पाहतो. काम वेळेत आणि नीट होत असेल, तर मधली दहा मिनिटे कुठे गेली हा प्रश्न गौण आहे. होत नसेल, तर समाजमाध्यम बंद करूनही ते होणार नाही.

सर्वात अधिक वेळ गेला तो देखरेखीच्या कलमावर, आणि तो जायलाच हवा होता. व्यवस्थापनातील काहींचे म्हणणे असे की मुभा द्यायची तर नजर ठेवण्याचा पूर्ण अधिकार हवा. मी आयटी विभागाला एवढेच समजावून सांगण्याची विनंती केली की आज काय दिसते आणि आणखी काय पाहता येईल. आज बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध असते, त्यामुळे फायरवॉलला संकेतस्थळाचे नाव कळते, आतला मजकूर कळत नाही. तो वाचायचा असेल तर प्रत्येक संगणकावर कंपनीचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे संगणकाला कंपनीच्या यंत्रणेवर विश्वास ठेवायला लावणारी डिजिटल ओळख, बसवून सारी देवाणघेवाण मध्येच उलगडावी लागते. आणि विशिष्ट संकेतस्थळे मुद्दाम वगळली नाहीत, तर त्यात कर्मचाऱ्याची बँक, खासगी ईमेल, डॉक्टरांचे अहवाल हे सारे उघडे पडते. हे ऐकल्यावर खोलीत बसलेल्या वरिष्ठांनाही आपण नेमके काय मागत होतो ते उमगले, कारण त्यांचे संगणकही त्याच जाळ्यावर होते.

याच टप्प्यावर मी ‘बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया’ या खटल्याचे टिपण तयार करून सर्वांना दिले. एका विक्री अभियंत्याने मालकाच्या सांगण्यावरून ग्राहकांसाठी याहू मेसेंजरवर खाते उघडले होते. २००७ मध्ये मालकाने त्यावरील संभाषण काही दिवस नोंदवले, त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले बोलणेही आले, आणि वैयक्तिक वापराला मनाई असल्याचे कारण देऊन त्याला कामावरून काढण्यात आले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या छोट्या पीठाने २०१६ मध्ये मालकाची बाजू मान्य केली, परंतु ५ सप्टेंबर २०१७ रोजी मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी तो निर्णय फिरवला. आमच्यावर तो निकाल बंधनकारक होता म्हणून मी तो मांडला नाही. न्यायालयाने विचारलेले प्रश्न कोणत्याही कार्यालयात विचारण्याजोगे आहेत, म्हणून मांडला : कर्मचाऱ्याला देखरेखीची पूर्वकल्पना दिली होती का, ती किती खोलवर होती, तिला सबळ कारण होते का, आणि त्याहून सौम्य मार्गाने काम भागले नसते का. मालकाच्या सूचनांमुळे कामाच्या ठिकाणचे खासगी सामाजिक जीवन शून्यावर आणता येत नाही, हेही न्यायालयाने नमूद केले आहे. मसुद्यातील देखरेखीचे कलम मी याच प्रश्नांच्या क्रमाने लिहिले. संकेतस्थळांच्या नावांची नोंद केवळ एकत्रित स्वरूपात राहील. एखाद्या व्यक्तीची नोंद पाहायची तर लेखी कारण, दोन विभागांची संमती आणि त्या व्यक्तीला सूचना आवश्यक राहील. मजकूर उलगडला जाणार नाही. ज्या विभागप्रमुखांच्या मागणीतून हे सुरू झाले, त्यांना हे कलम आवडले नाही, आणि त्यांचा आक्षेप इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदवला आहे.

दुसरा मोठा वाद ‘कंपनीची बदनामी’ या शब्दांवरून झाला. विधी सल्लागारांच्या पहिल्या मसुद्यात असे होते की कंपनीची प्रतिमा मलिन होईल असे काहीही लिहिल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल. ‘काहीही’ या शब्दात पगार वेळेवर न झाल्याची किंवा पाळ्यांचे वेळापत्रक अन्यायकारक असल्याची तक्रारही बसते. अमेरिकेत बफेलो येथील एका समाजसेवी संस्थेने कामाविषयी फेसबुकवर आपसात बोलणाऱ्या पाच जणांना काढले होते; तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१२ मध्ये त्यांना परत घेण्याचा आदेश दिला, कारण १९३५ च्या कायद्याने सहकाऱ्यांना कामाच्या अटींविषयी एकत्र बोलण्याचे संरक्षण दिलेले आहे. कायदे देशोदेशी निराळे असले, तरी यामागचे तत्त्व मला मनापासून पटते. आम्ही ते कलम मोडून त्याजागी तीन नेमक्या गोष्टी लिहिल्या : ग्राहकांची माहिती, कंपनीची गोपनीय माहिती आणि कोणाही व्यक्तीचा छळ किंवा अपमान. पगार आणि कामाच्या परिस्थितीविषयी बोलणे यात येत नाही, हे वाक्य स्वतंत्रपणे घातले, आणि तेच काढून टाकावे यासाठी सर्वाधिक दबाव आला. ते राहिले, याचे श्रेय कर्मचारी प्रतिनिधींच्या चिकाटीला आहे.

यानंतर एका बैठकीत ग्राहकसेवेतील एका तरुण सहकाऱ्याने विचारलेला प्रश्न मला अगदी मुळाशी जाणारा वाटला. दिवसा व्हॉट्सॲप वापरू नका म्हणता, मग रात्री त्याच व्हॉट्सॲपवर उद्याच्या कामाच्या सूचना का येतात? याला कोणाकडेही उत्तर नव्हते. कंपनीच्या कामासाठी कर्मचाऱ्याचा खासगी फोन, खासगी क्रमांक आणि खासगी वेळ वापरायची, आणि कंपनीच्या वेळेत त्याच्या खासगी आयुष्याला मात्र जराही जागा द्यायची नाही, असा एकतर्फी व्यवहार लिखित धोरणात टिकत नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत संपर्कापासून दूर राहण्याच्या हक्कावर कामगारांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आम्ही तो विषय याच धोरणात आणला : कामाच्या सूचना कंपनीच्या अधिकृत संदेशप्रणालीवरच जातील, व्हॉट्सॲपवरील गटात असणे ऐच्छिक राहील, आणि पाळी संपल्यानंतर आलेल्या संदेशाला दुसऱ्या दिवशी उत्तर दिले तर तो विलंब मानला जाणार नाही.

प्रत्यक्ष मुभा आधी दोन विभागांत प्रायोगिक तत्त्वावर दिली. संकेतस्थळांवर घालवलेला वेळ मोजायचा नाही, प्रलंबित कामे, चुका आणि मुदती एवढेच पाहायचे असे ठरले. एका विभागात आकड्यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. दुसऱ्या विभागात नव्याने रुजू झालेल्या काहींचे काम मागे पडले, आणि त्यांच्या प्रमुखांना त्यांच्याशी बसून कामाचे वाटप पुन्हा करावे लागले. हे काम त्यांनी बंदी असतानाही करायलाच हवे होते, असे त्यांनीच अहवालात लिहिले. व्हिडिओंमुळे जाळ्यावर ताण येतो ही आयटीची चिंता रास्त होती, म्हणून व्हिडिओंसाठीचा वेग मर्यादित केला. लेखा विभागाने महिनाअखेरीच्या दिवसांत फोन बाजूला ठेवण्याचा नियम आपसात चर्चा करून स्वीकारला, आणि धोरणाने त्यांना तो करू दिला.

धोरण मंजूर झाल्यानंतर एक मुद्दा आणखी पुढे आला. काही वरिष्ठ आपल्या हाताखालच्या लोकांना फेसबुकवर मैत्रीची विनंती पाठवत, आणि ती नाकारणे कोणालाही सोपे जात नसे. ती स्वीकारली की सुट्टीचे फोटो, घरगुती वाद, राजकीय मते हे सारे मूल्यांकन करणाऱ्या व्यक्तीसमोर जाते. त्यासाठी जोडलेल्या कलमानुसार वरिष्ठाने कनिष्ठाला वैयक्तिक खात्यावर अशी विनंती पाठवू नये, आणि कनिष्ठाने आपणहून पाठवल्यास ती स्वीकारण्याचे बंधन वरिष्ठावर नसावे. हे कलम लिंक्डइनलाही लागू करायचे का, यावर भरती विभाग आणि कर्मचारी प्रतिनिधी यांच्यात अजून एकमत झालेले नाही, आणि पुढील आढाव्याच्या विषयपत्रिकेवर तो पहिला विषय आहे.