वैमानिकाच्या रोस्टरमध्ये रात्री मोजायच्या

दोन ड्युट्यांच्या मध्ये वैमानिकाला किमान १२ तासांची विश्रांती मिळाली पाहिजे, आणि आधीची ड्युटी त्याहून लांबली असेल तर तितके तास, असा आपल्याकडचा नियम आहे. ऐकायला पुरेसं वाटतं. आता हेच १२ तास दोन वेगवेगळ्या जागी ठेवून बघा.

एक वैमानिक मुंबईत रात्री १० वाजता ड्युटीवरून सुटला. ठाण्याला घरी पोचेपर्यंत ११ वाजले, जेवून आणि डोकं शांत होऊन झोप लागायला साडेबारा. सकाळी साडेसातला उठला, पावणेनऊला पिकअपची गाडी, १० ला रिपोर्टिंग. सात तास झोप झाली. दुसरा रात्रभर उडून सकाळी ९ ला सुटला. सव्वादहाला घरी, अकराला अंथरुणावर. दुपारी तीनच्या सुमारास त्याला जाग येते, कारण कितीही दमलेलं असलं तरी शरीराचं घड्याळ दिवसा फार वेळ झोपू देत नाही. रात्री ९ ला पुन्हा रिपोर्टिंग. पहाटे साडेचारला तो धावपट्टीकडे उतरत असतो, तेव्हा जागून साडेतेरा तास झालेले असतात आणि त्याआधीची झोप जेमतेम चार तासांची. नियमाच्या हिशेबात दोघांनाही सारखीच विश्रांती मिळाली.

पहाटे २ ते ६ हा काळ शरीरासाठी सगळ्यात वाईट. तापमान उतरलेलं असतं, प्रतिक्रिया मंदावतात, आकडा वाचला तरी डोक्यात शिरायला वेळ लागतो. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, हे १९९७ पासून माहीत आहे. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. वैमानिकाला तर दारूसाठी नळीत फुंकावं लागतं आणि तिथे शून्याखेरीज काही चालत नाही. अपुरी झोप पकडणारी अशी नळी मात्र नाही. ती पकडायची तर रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, बनवतानाच.

मंगळुरूचा अपघात या क्षेत्रातलं कुणी विसरू नये. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास धावपट्टी संपून पुढे दरीत गेलं. १५८ जण मृत्युमुखी पडले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. विमान नीट स्थिर नसतानाही उतरणं सोडून दिलं नाही, हे थेट कारण ठरलं. पण कॅप्टन उड्डाणात सुमारे १ तास ४० मिनिटं झोपले होते आणि त्या झोपेची ग्लानी निर्णयावर राहिली असावी, हेही अहवालात आलं. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, बुद्धी मात्र काही वेळाने जागी होते. म्हणूनच ज्या देशांत कॉकपिटमध्ये ठरवून डुलकी घ्यायला परवानगी आहे, तिथे ती छोटी ठेवतात. नासाच्या प्रयोगात वैमानिकांना ४० मिनिटं दिली होती, प्रत्यक्ष झोप सरासरी २६ मिनिटं लागली, आणि तेवढ्यानंही सावधपणा स्पष्ट वाढला.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं जानेवारी २०२४ मध्ये नियम बदलले ते याच कारणानं. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. ‘रात्र’ आधी १२ ते ५ धरली जायची, ती १२ ते ६ झाली. रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. जून २०२४ पासून लागू व्हायचे हे नियम लांबले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी ते १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत आले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं कोलमडली, ५ तारखेला तर एका दिवसात हजाराहून जास्त रद्द झाली. बदलांची कल्पना जवळपास दोन वर्षं होती आणि तेवढे वैमानिक तयार ठेवलेले नव्हते. त्यानंतर रात्रीच्या काही अटींतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. अडकलेल्या प्रवाशांचे हाल खरे होते. तरीही दोष नियमाचा होता असं मला अजिबात वाटत नाही.

त्याच ५ डिसेंबरला आणखी एक कलम मागे घेतलं गेलं. रजेचे दिवस आठवड्याच्या विश्रांतीत धरायचे नाहीत, असं ते कलम होतं. घराच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं. बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस रजा घेतली आणि तीच साप्ताहिक विश्रांती म्हणून दाखवली, तर लग्नघरात दोन रात्री जागून माणूस थेट ड्युटीवर जातो. कागदावर तो ताजातवाना.

आता ४८ तासांचं गणित. त्यात ‘दोन स्थानिक रात्री’ हव्यात, आणि स्थानिक रात्र म्हणजे रात्रीच्या वेळेतले, सकाळी ८ च्या आत संपणारे सलग आठ तास. समजा ड्युटी शुक्रवारी रात्री पावणेबाराला संपली. पावणेबारा ते सकाळी आठ, ही पहिली रात्र मोजली गेली, जरी घरी पोचून झोपायला दोन वाजले तरी. शनिवारची दुसरी. रविवारी रात्री पावणेबाराला पुन्हा रिपोर्टिंग करता येतं. शेजाऱ्यांना वाटतं, शनिवार-रविवार घरी होता. खरी पूर्ण रात्र एकच मिळाली, आणि रविवारी दुपारी मुलं खेळायला ओढत असताना त्याला पडदे ओढून झोपायचं असतं.

म्हणून घरच्यांनी रोस्टर आलं की सुट्ट्यांआधी रात्री मोजाव्यात. ड्युटी मध्यरात्रीनंतर संपत असेल तर दुसऱ्या दिवशीची दुपार कुणाला कबूल करू नये. गणपतीच्या पहिल्या दिवसाची रजा मिळाली तरी आदल्या रात्रीचं उड्डाण कधी उतरतं ते बघावं. स्टँडबायचा दिवस सुट्टीत धरू नये, फोन आला की निघावंच लागतं.

दिवसाची झोप सांभाळणं हे घरातल्या सगळ्यांचं काम आहे. बेल बंद, कुरिअर वॉचमनकडे, कुकर आणि मिक्सर झोपायच्या आधी किंवा नंतर, खोलीत पूर्ण अंधार. सकाळी परतताना गाडीत गॉगल लावावा, उजेड डोळ्यांत गेला की झोप पळते. कॉफीचा निम्मा असर पाच-एक तासांनीही उरतो, तेव्हा शेवटचा कप उतरण्याच्या तासाभर आधी घेऊ नये. पुढचे दोन दिवस मोकळे असतील तर सकाळी दीड-दोन तासच झोपून उठावं आणि रात्री लवकर आडवं व्हावं. त्याच रात्री पुन्हा उडायचं असेल तर सकाळच्या झोपेवर दुपारी दीड तासाची भर घालावी. ही डुलकी पाचच्या आत उरकावी, कारण संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान झोप हट्टानं येत नाही. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं कधीच नाहीत.

एवढं करूनही झोप झाली नसेल तर तसं कळवून ड्युटी नाकारायची. इथे अनेकांचे पाय अडखळतात, कारण बऱ्याच कंपन्यांत पगाराचा मोठा भाग उडालेल्या तासांवर असतो आणि ‘हा सारखा नाही म्हणतो’ असा शिक्का बसायची भीती असते. थकवा कळवण्याच्या अहवालात नुसतं ‘थकलो आहे’ लिहिलं तर तो सहज बाजूला पडतो. मागच्या ७२ तासांत केव्हा आणि किती झोपलो, शेवटचा जागा झालो ते किती वाजता, कोणत्या ड्युटी झाल्या, रोस्टर कधी आणि कितीदा बदललं, हॉटेलवर पोचायला किती वेळ लागला, हे वेळांसकट लिहावं. उड्डाण पार पडल्यावरही लिहावं. लागोपाठ लावलेल्या उड्डाणांच्या एकाच जोडीवर चार जणांनी असं लिहिलं की ती जोडी रोस्टरमधून बदलायला कंपनीकडे कारण उरतं, आणि पाठवलेल्या प्रत्येक अहवालाची प्रत स्वतःकडे ठेवावी.